आतड्याचा कॅन्सर विषाणूमुळे होतो का?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे निदान झाले की घरची माणसे डॉक्टरांना एक प्रश्न उघडपणे विचारतात आणि दुसरा व्हरांड्यात गाठून, आवाज खाली आणून. उघड प्रश्न असतो, "आमच्या घराण्यात कुणाला नव्हतं, मग यांनाच कसं झालं?" आणि हळू आवाजातला असतो, "हे लागतं का हो? ताट-वाटी वेगळी ठेवायची का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकू. कॅन्सर लागत नाही. ताटाने, टॉवेलने, एका संडासाने, जवळ झोपल्याने, कशानेही नाही. कॅन्सरची पेशी चुकून दुसऱ्याच्या शरीरात गेली तरी त्याची प्रतिकारशक्ती तिला परकी म्हणून ओळखते आणि संपवते. तेव्हा आजारी माणसाचे ताट वेगळे काढू नका. केमोथेरपीने तोंडाची चव गेलेली असताना पंगतीतून उठवले गेल्याचे दुःख त्याच्या वाट्याला येऊ नये.

मात्र या भीतीच्या पोटात एक रास्त शास्त्रीय प्रश्न आहे. कॅन्सर लागत नसला, तरी कॅन्सर घडवू शकणारा जंतू लागू शकतो. गर्भाशयमुखाच्या, यकृताच्या आणि जठराच्या कॅन्सरबाबत हे सिद्ध झाले आहे. २०१८ साली जगात आढळलेल्या नव्या कॅन्सररुग्णांपैकी सुमारे २२ लाख, म्हणजे साधारण १३ टक्के, रुग्णांच्या आजारामागे कुठला ना कुठला संसर्ग होता असा जागतिक अंदाज आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर मात्र या यादीत नाही. जगात दरवर्षी १९ लाखांच्या आसपास लोकांना तो होतो, कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये त्याचा क्रमांक फुप्फुसाच्या खालोखाल लागतो, आणि तरीही त्याच्यामागे अमुक विषाणू आहे असे आजवर कुणी सिद्ध करू शकलेले नाही.

संशय मात्र अनेक विषाणूंवर घेतला गेला. तो कसा घेतला गेला, कसा तपासला गेला आणि कुठे अडला, ते या प्रकरणात पाहू.

१. विषाणू पेशीला बिघडवतो कसा?

१९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस या तरुण संशोधकाने एका कोंबडीच्या अंगावरची गाठ वाटली आणि तो द्रव इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात ना पेशी उरली ना जीवाणू. तो गाळलेला द्रव दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही तशीच गाठ आली. गाळणीतून निसटण्याइतके सूक्ष्म असे काहीतरी, म्हणजे विषाणू, गाठ घडवत होते. लोकांनी हा कोंबड्यांचा मामला म्हणून बाजूला सारला. राऊस यांना नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी.

विषाणूला स्वतःचा संसार नसतो. त्याच्याकडे असतात फक्त काही जनुके, म्हणजे स्वतःच्या प्रती कशा काढायच्या याच्या सूचना. त्या अमलात आणायला त्याला जिवंत पेशी लागते, आणि तीही शक्यतो विभाजनाच्या तयारीत असलेली. त्यामुळे काही विषाणू पेशीत शिरले की तिला विभाजनाकडे ढकलतात. आपल्या पेशीत यावर पहारा ठेवणारी प्रथिने असतात. त्यांपैकी पी५३ नावाचे प्रथिन डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवते, आणि बिघाड दुरुस्त होण्याजोगा नसेल तर तिला मरायला लावते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषाणू, एचपीव्ही, नेमका या पी५३ लाच नष्ट करवतो. पहारा उठला की बिघडलेल्या पेशीही वाढत राहतात. वर्षे जातात, बिघाडावर बिघाड साचतो आणि कधीतरी कॅन्सर होतो.

हा झाला थेट मार्ग. दुसरा मार्ग आडवळणाचा आहे. हेपटायटिस बी किंवा सी चा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे ठाण मांडतो, तिथे सतत दाह होतो, पेशी मरतात, नव्या तयार होतात, आणि या न संपणाऱ्या डागडुजीत चुका वाढतात. तिसरा मार्ग एचआयव्हीचा. तो स्वतः पेशीला कॅन्सरकडे नेत नाही, पण प्रतिकारशक्ती खचवून इतर विषाणूंना रान मोकळे करून देतो.

हे तिन्ही मार्ग लक्षात असू द्या. मोठ्या आतड्याकडे आपण वळणार आहोत ते हेच मार्ग तिथे सापडतात का हे पाहायला.

२. एक डॉक्टर, दोन शोध

डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक. लहानपणीच एक डोळा गमावलेला. युगांडात काम करताना त्यांना लहान मुलांच्या जबड्यांवर भराभर वाढणाऱ्या विचित्र गाठी दिसल्या. १९५८ मध्ये त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. मग आफ्रिकाभरच्या रुग्णालयांना पत्रे पाठवली, एका जुन्या मोटारीतून हजारो मैल फिरले आणि हा आजार नकाशावर कुठून कुठवर आहे ते आखले. उष्ण, दमट, मलेरियाच्या पट्ट्यातच तो होता.

१९६१ मध्ये लंडनमधल्या त्यांच्या व्याख्यानाला अँथनी एप्स्टाइन हे संशोधक हजर होते. भूगोलाशी बांधलेला कॅन्सर म्हणजे जंतूचा कॅन्सर असू शकतो, हे त्यांच्या मनाने घेतले. युगांडातून विमानाने येणाऱ्या गाठींच्या नमुन्यांत त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६४ मध्ये एक नवा विषाणू दिसला. तोच एप्स्टाइन-बार विषाणू, ईबीव्ही. माणसात कॅन्सर घडवणारा हा पहिला ज्ञात विषाणू.

पुढे कळले की हा विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्या प्रौढांच्या शरीरात असतो, आणि बहुतेकांना त्याचा गंभीर त्रास होत नाही. आफ्रिकेतल्या त्या मुलांना कॅन्सर झाला तो विषाणूला वारंवार होणाऱ्या मलेरियाची जोड मिळाल्यामुळे. पुढच्या विवेचनासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. एखादा विषाणू सगळ्यांकडे सापडतो म्हणून तो निर्दोष ठरत नाही, आणि रुग्णाच्या गाठीत सापडला म्हणून दोषीही ठरत नाही.

बर्किट यांचा दुसरा शोध आतड्याचा. ग्रामीण आफ्रिकेत मोठ्या आतड्याचा कॅन्सर इतका विरळा का, आणि युरोप-अमेरिकेत इतका का, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. पुन्हा तीच पद्धत: पत्रे, नकाशे, रुग्णालयांतल्या नोंदी. ज्या माणसाच्या नकाशातून कॅन्सरचा पहिला मानवी विषाणू सापडला, त्याला इथे मात्र विषाणूचा माग लागला नाही. त्यांना दिसला तो आहार. १९७१ मध्ये त्यांनी मांडले की चोथा भरपूर असलेल्या जेवणाने मल मोठा होतो, आतड्यातून लवकर पुढे सरकतो आणि अपायकारक द्रव्यांचा अस्तराशी संबंध कमी येतो. कोंड्यासकट खाल्लेल्या धान्याचा संरक्षक परिणाम नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी बऱ्याच अंशी उचलून धरला. प्रक्रिया केलेले मांस, दारू, लठ्ठपणा, तंबाखू आणि बैठे आयुष्य या गोष्टी धोका वाढवतात, हेही आता पक्के आहे.

मग विषाणूचा प्रश्न उरतोच कशाला? कारण ही सगळी कारणे एकत्र केली तरी हिशेब पुरा होत नाही. सडपातळ, निर्व्यसनी, भाजी-भाकरी खाणाऱ्या माणसालाही हा कॅन्सर होतो. अनेक देशांत तो आता पन्नाशीच्या आतल्या लोकांत वाढतो आहे. काहीतरी नजरेतून सुटते आहे, ही शंका संशोधकांना स्वस्थ बसू देत नाही.

३. मोठ्या आतड्याचे अस्तर

मोठ्या आतड्याचे आतले अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. अस्तरात लाखो सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी काही मूळपेशी असतात. त्या विभागतात, नव्या पेशी वर सरकतात, पृष्ठभागावर पोचतात, आणि थोड्याच दिवसांत गळून मलाबरोबर निघून जातात.

आता विषाणूच्या बाजूने विचार करा. वरच्या पेशीत तो शिरला, तर ती पेशी आठवड्याच्या आत त्याला घेऊन शरीराबाहेर जाईल. कायमची जागा हवी असेल तर त्याला खळग्याच्या तळाशी, मूळपेशीपर्यंत पोचावे लागेल, आणि वाटेत चिकट श्लेष्माचा थर आहे. गर्भाशयमुखात एचपीव्हीला बारीकशा ओरखड्यातून खालच्या थरातल्या पेशी गाठता येतात. मोठ्या आतड्यात ते इतके सोपे नाही. विषाणूचा थेट मार्ग इथे अशक्य नाही, पण अवघड आहे, असे मला वाटते ते यामुळे.

कॅन्सर इथे टप्प्याटप्प्याने येतो. आधी अस्तरावर पॉलिप नावाची लहानशी, निरुपद्रवी गाठ येते. बहुतेक पॉलिप तसेच राहतात. काही वाढतात, त्यांच्या पेशींत एकामागून एक जनुके बिघडतात, आणि साधारण दहा वर्षांच्या काळात त्यांतला एखादा कॅन्सर बनतो. सुरुवात बहुधा एपीसी नावाच्या जनुकापासून होते, मग केआरएएस, मग आपल्याला भेटलेल्या पी५३ प्रथिनाचे जनुक. ही साखळी १९९० मध्ये एरिक फिअरन आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी मांडली. संशयित विषाणूला या साखळीतली निदान एक कडी तरी हलवता आली पाहिजे.

४. संशयित

सर्वांत गंभीर संशय घेतला गेला तो जेसी विषाणूवर. ज्या रुग्णाच्या मेंदूत तो १९७१ मध्ये सापडला, त्याच्या नावाची ही आद्याक्षरे. बहुतेकांना तो लहानपणीच होतो, काही जाणवत नाही, आणि मग तो मूत्रपिंडात आयुष्यभर पडून राहतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड बोलंड यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये या विषाणूचा डीएनए सापडल्याचे जाहीर केले. संशयाला आधार होता. या विषाणूचे एक प्रथिन पी५३ ला जखडून ठेवते, आणि एपीसी जनुक ज्या यंत्रणेवर लगाम ठेवते तिलाही ते चाळवते. म्हणजे साखळीतल्या एक नव्हे, दोन कड्या. पण त्याच अभ्यासात हा डीएनए निरोगी अस्तरातही सापडला होता. नंतर काही प्रयोगशाळांना तो सापडला, काहींना अजिबात नाही. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सगळा पुरावा तपासून या विषाणूला 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात ठेवले. संशय टिकून आहे, पुरावा अपुरा आहे, असा त्याचा अर्थ.

दुसरा संशयित सायटोमेगॅलोव्हायरस. भारतात तर तो बहुतेक सगळ्या प्रौढांत असतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाला पॉलिप आणि कॅन्सर दोन्हींत बहुतेक नमुन्यांत त्याची प्रथिने दिसली. इतरांनी तपासले तेव्हा चित्र तसे राहिले नाही.

अशा बातम्या वाचताना एक साधा हिशेब हाताशी ठेवावा. समजा, एक विषाणू शंभरातल्या सत्तर निरोगी प्रौढांमध्ये असतो. तुम्ही शंभर कॅन्सररुग्ण तपासले आणि सत्तर जणांत तो सापडला. 'सत्तर टक्के रुग्णांत विषाणू' हा मथळा खरा आहे, पण त्यातून कॅन्सरबद्दल काहीही कळले नाही, कारण कुठलीही शंभर माणसे धरली असती तरी हाच आकडा आला असता. निरोगी लोकांत पस्तीस आणि रुग्णांत सत्तर असे निघाले, तर विचार सुरू करता येतो.

तेवढ्यावर निकाल मात्र लागत नाही. गुळाच्या ढेपेवर मुंगळे दिसतात म्हणून मुंगळ्यांनी गूळ केला असे आपण म्हणत नाही. कॅन्सरच्या गाठीत रक्तवाहिन्या गळक्या असतात, दाह असतो, प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी असते, आणि त्या पेशींतच कित्येक विषाणू सुप्त पडलेले असतात. गाठ झाली म्हणून विषाणू तिथे जमले, की विषाणू होते म्हणून गाठ झाली? एका क्षणी घेतलेल्या तुकड्यावरून हे सांगता येत नाही.

दुसरा हिशेब पेशींचा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधल्या हजार पेशी मोजल्या, तर जवळपास हजारही पेशींत एचपीव्हीचा डीएनए मिळतो, आणि त्याची जनुके बंद पाडली तर पेशींची वाढ थांबते. गाठीला विषाणूची गरज आहे, हे यातून सिद्ध होते. आतड्याच्या कॅन्सरमध्ये संशयित विषाणू सापडतो तेव्हा बहुधा अगदी थोडा सापडतो. समजा हजार पेशींमागे पाच प्रती. मग उरलेल्या ९९५ पेशी कोणाच्या जोरावर वाढत आहेत?

एचपीव्हीवरही संशय घेतला गेला, आणि इथे घडलेली गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. गुदद्वाराच्या कॅन्सरमध्ये एचपीव्हीचा हात निर्विवाद आहे, त्या कॅन्सरांपैकी सुमारे नव्वद टक्के त्याच्यामुळे होतात. पण गुदद्वाराची त्वचा वेगळी आणि वर मोठ्या आतड्याचे अस्तर वेगळे. तरीही अमेरिकेच्या 'कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस' या महाप्रकल्पात आतड्याच्या काही गाठींत एचपीव्ही-१८ या प्रकाराची जनुके सापडली. पुढे २०१५ मध्ये काही संशोधकांनी त्या जनुकांतले बारीक फरक अक्षरन् अक्षर ताडून पाहिले. ते तंतोतंत जुळले 'हेला' पेशींमधल्या विषाणूशी. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये बाल्टिमोरला, तिची परवानगी न घेता, या पेशी काढल्या गेल्या. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात आणि त्यांच्यात एचपीव्ही-१८ आहे. त्या पेशींचा अंश नमुन्यांत मिसळला होता. विषाणू रुग्णाच्या आतड्यात नव्हताच, तो प्रयोगशाळेतून आला होता.

२०२० मध्ये ३८ प्रकारच्या, दोन हजार सहाशेहून अधिक गाठींचा संपूर्ण डीएनए विषाणूंसाठी चाळला गेला. काही गाठींत विषाणू मिळाले, पण वर्चस्व जुन्याच ओळखीच्यांचे होते: ईबीव्ही, हेपटायटिस बी, एचपीव्ही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला स्वतःचा असा विषाणू तिथेही सापडला नाही.

५. प्रतिकारशक्ती खचते तेव्हा

आणखी एक तपासणी निसर्गानेच करून ठेवली आहे. विषाणूमुळे होणारे कॅन्सर प्रतिकारशक्ती खचलेल्या लोकांत फार वाढतात. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ग्रुलिच आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीबाधित आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्या लोकांतल्या कॅन्सरच्या नोंदी एकत्र केल्या. विषाणूजन्य कपोसी सार्कोमा शेकडो पटींनी वाढलेला होता. ईबीव्हीशी निगडित कॅन्सर आणि गुदद्वाराचा कॅन्सरही वाढलेले होते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर एचआयव्हीबाधितांत वाढलेला नव्हता, प्रत्यारोपण झालेल्यांत थोडासा वाढला होता.

माझ्या मते विषाणूच्या थेट मार्गाविरुद्धचा हा सर्वांत वजनदार पुरावा आहे. नेहमीचा एखादा सुप्त विषाणू हा कॅन्सर घडवत असता, तर पहारा ढिला पडल्यावर त्याने उचल खाल्ली असती.

यावर एक उत्तर दिले जाते. विषाणू सुरुवातीला धक्का देऊन निघून जात असेल, म्हणून नंतर सापडत नाही. संशोधक याला 'हिट अँड रन' म्हणतात. हे उत्तर ऐकायला सोयीचे आहे, पण विषाणू सापडला तरी दोषी आणि न सापडला तरी दोषी, अशी मांडणी तपासायची कशी? गेलेल्याने मागे काही खूण ठेवली असेल तरच ती तपासता येईल. अशी खूण खरोखर सापडली आहे, पण विषाणूची नव्हे. तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

६. हाराल्ड झुर हाउसेन यांचा तर्क

एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांचे नाते दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. त्यांनीही आपला मुद्दा मान्य होण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. २०१२ मध्ये त्यांनी आतड्याच्या कॅन्सरबद्दल नवा तर्क मांडला, आणि त्यात भारताला मोठे स्थान होते.

तांबड्या मांसाने हा कॅन्सर वाढतो, असे अनेक अभ्यास सांगतात. त्यांनी विचारले, सगळ्याच तांबड्या मांसाने की फक्त गाय-बैलांच्या? मंगोलियात मांस भरपूर खाल्ले जाते, पण मुख्यतः मेंढी, याक, उंट यांचे, आणि तिथे हा कॅन्सर कमी आहे. जपान आणि कोरियात गोमांसाची आयात वाढल्यानंतर काही दशकांनी तो वाढला. भारतात गोमांस फार थोडे लोक खातात आणि इथे हा कॅन्सर कमी आहे. तेव्हा युरोपीय गाईंमध्ये एखादा न मरणारा विषाणूसदृश घटक असावा, तो मांसातून किंवा दुधातून लहानपणीच शरीरात शिरत असावा आणि आतड्याच्या अस्तराखाली मंद दाह पेटता ठेवत असावा, असे ते म्हणत. पुढे त्यांच्या गटाला दुधात आणि गुरांच्या रक्तात डीएनएची छोटी वर्तुळे सापडली. जर्मनीच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने पुरावा पाहून, यावरून धोका सिद्ध होत नाही, असे मत दिले. झुर हाउसेन २०२३ मध्ये गेले. प्रश्न खुला राहिला.

भारतातला दर कमी आहे हे खरेच. वयाचा फरक समायोजित केल्यावर लाख लोकांमागे वर्षाला पाच-सहाच्या आसपास, तर युरोपातल्या कित्येक देशांत तीस ते चाळीस. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथले कर्मचारी रुग्णालयात रुग्ण येण्याची वाट न पाहता गावोगाव फिरतात. त्यामुळे ग्रामीण भागातला कमी आकडा केवळ नोंद न झाल्याचा परिणाम नाही, हे भरवशाने म्हणता येते.

पण या कमी आकड्यावरून गोमांसाकडे थेट बोट दाखवणे मला घाईचे वाटते. आपला शेतकरी ज्वारीची भाकरी खातो, डाळ-उसळ खातो, दिवसभर राबतो, बहुधा सडपातळ असतो. बर्किट यांनी आफ्रिकेत हेच पाहिले होते. एकाच वेळी दहा गोष्टी वेगळ्या असताना त्यांतली एक उचलून कारण ठरवता येत नाही. शिवाय आपण दूध भरपूर पितो, आणि झुर हाउसेन यांच्या मांडणीत दूधही संशयाच्या कक्षेत होते. युरोपीय आणि भारतीय गुरांचे वंश वेगळे आहेत, असे उत्तर ते देत. मग आज महाराष्ट्रातल्या गोठ्यांत जर्सी आणि होल्स्टाइन संकर सर्रास आहेत, त्याचा परिणाम कधीतरी दिसायला हवा. तर्क तपासण्याजोगा आहे हा त्याचा गुण. तपासून सिद्ध झालेला मात्र नाही.

७. जीवाणूंचे विषाणू

आतापर्यंत आपण माणसाच्या पेशीत शिरणारे विषाणू पाहिले. पण आपल्या आतड्यातले बहुसंख्य विषाणू माणसाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते जीवाणूंना लागतात. त्यांना बॅक्टेरियोफेज, थोडक्यात फेज, म्हणतात. संशोधनाची नजर आता तिकडे वळते आहे, आणि मला सर्वांत आशा वाटते ती याच वाटेबद्दल.

फेज जीवाणूत शिरतो आणि कधी त्याला मारतो, तर कधी आपली जनुके त्याच्या जनुकांत मिसळून शांत राहतो. त्या जनुकांमुळे जीवाणूचा स्वभाव पालटू शकतो. घटसर्पाचा जीवाणू विष तयार करतो ते फेजने दिलेल्या जनुकामुळे. फेज नसलेला तोच जीवाणू ते विष बनवू शकत नाही. कॉलऱ्याच्या विषाचे जनुकही फेजकडून आलेले आहे, हे १९९६ मध्ये कळले. म्हणजे माणसाच्या पेशीला स्पर्शही न करता विषाणू माणसाला आजारी पाडू शकतो.

आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये जीवाणूंचा हात असल्याचे पुरावे भक्कम होत चालले आहेत. एरवी तोंडात, हिरड्यांपाशी राहणारा फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जीवाणू कॅन्सरच्या गाठीत मोठ्या संख्येने सापडतो, असे दोन गटांनी २०११-१२ च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवले. गाठ यकृतात पसरली तरी तो तिच्याबरोबर जातो, आणि उंदरांत तो प्रतिजैविकाने मारला तर गाठीची वाढ मंदावते, हे २०१७ मध्ये दिसले.

त्याहून लक्षवेधी आहे कोलिबॅक्टिन. ई. कोलाय जीवाणूंच्या काही जाती हे द्रव्य बनवतात आणि ते थेट डीएनएला इजा करते. २०२० मध्ये नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर हे जीवाणू सोडले, आणि डीएनएत नेमके कोणत्या प्रकारचे बदल होतात ते नोंदवले. तसेच बदल खऱ्या रुग्णांच्या गाठींतही मिळाले. मघाशी म्हटले ती खूण हीच. २०२५ मध्ये अकरा देशांतल्या ९८१ गाठींचा अभ्यास झाला. चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांत ही खूण सत्तरीपुढच्या रुग्णांपेक्षा ३.३ पट अधिक होती, आणि ती बहुधा आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच उमटली असावी, असे जनुकांच्या घडणीवरून दिसले. जीवाणू केव्हाच निघून गेला असेल, पण त्याची खूण राहिली. 'हिट अँड रन' तपासता येते ते असे. माणसाच्या पेशीत शिरणाऱ्या एखाद्या विषाणूची अशी खास खूण आतड्याच्या कॅन्सरमध्ये सापडली, तर मी माझे मत आनंदाने बदलीन.

फेजचा यात वाटा किती? २०१८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या आणि हाँगकाँगच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवले की आतड्याचा कॅन्सर असलेल्यांच्या मलातला विषाणूंचा समूह निरोगी लोकांपेक्षा वेगळा असतो, आणि वेगळेपण मुख्यतः फेजमध्ये आहे. फेजमुळे जीवाणूंची वस्ती बदलली आणि तिच्यातून कॅन्सरला अनुकूल वातावरण तयार झाले, की वस्ती बदलली म्हणून तिच्यावर जगणारे फेज बदलले? इथेही आधी काय आणि नंतर काय, हे ठरवायचे आहे. त्यासाठी निरोगी माणसांचे नमुने घेऊन वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेणारे अभ्यास लागतात, आणि ज्या आजाराला दहा वर्षे लागतात त्याचा अभ्यासही तितकाच लांबतो.

८. कारण सापडले तर काय हाती लागते?

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आपल्याच मराठवाड्यात आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही आहे हे पक्के झाल्यावर तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे गट पाडले गेले. एका गटातल्या स्त्रियांची आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी केली आणि गरज असेल त्यांना उपचार दिले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटाशी तुलना करता या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. तैवानने १९८४ पासून बाळांना हेपटायटिस बी ची लस द्यायला सुरुवात केली आणि मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने एचपीव्हीची देशी लस २०२३ मध्ये बाजारात आणली, तीही याच ज्ञानातून.

आतड्याच्या कॅन्सरसाठी अशी लस आज नाही, कारण लस कोणाविरुद्ध बनवायची हेच ठरलेले नाही. विषाणूनाशक गोळ्या, 'आतडे शुद्ध' करणारी चूर्णे किंवा स्वतःच्या मनाने घेतलेली प्रतिजैविके यांनी हा कॅन्सर टळतो, असा कोणताही पुरावा नाही. प्रतिजैविके तर आतड्यातली वस्ती उलट विस्कटून टाकतात.

आज हाती असलेली तपासणी जंतू शोधत नाही. ती मलातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधते. तिच्यात रक्त आढळले, किंवा रक्त डोळ्यांनाच दिसले, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, विनाकारण वजन उतरले, रक्त कमी झाले, तर दुर्बिणीने आतडे पाहतात. अमेरिकेत २०२१ पासून लक्षणे नसली तरी ४५ व्या वर्षी तपासणी सुरू करायला सांगतात. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा आजार झाला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून त्याआधीच करावी. आपल्याकडे शौचातून रक्त गेले की मूळव्याध म्हणून महिनोन् महिने घरगुती उपाय चालतात. बरेचदा ती मूळव्याधच असते, पण ते न पाहता ठरवता येत नाही. दुर्बिणीत पॉलिप दिसला तर बहुतेक वेळा पोट न उघडता, त्याच बैठकीत, त्याच दुर्बिणीतून तो काढून टाकता येतो. तो कशामुळे आला, हे त्या वेळी माहीत असावे लागत नाही.